पाकटीचं पाणी

मी पहिल्यांदा मत्स्यालयात शिरले तेव्हा मला मासे दिसलेच नाहीत. पाणी दिसलं. डोक्याच्या वरपर्यंत पाणी, डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, आणि सगळं उभं. आमच्या बीडकडच्या गावात पाणी नेहमी खाली असतं. विहिरीच्या तळाला, घागरीच्या बुडाला, टँकरच्या नळीतून हौदात पडलं तर हौदाच्याही तळाला. पाणी बघायचं म्हणजे वाकायचं, हे अंगात मुरलेलं. इथे मान वर करून पाणी बघायचं होतं. मत्स्यालय चालवणाऱ्या मॅडम पुढे चालत काय काय सांगत होत्या आणि मी मनात हिशोब करत होते की एवढ्यात आमची आळी किती दिवस जगेल.

माजिवड्याच्या नाक्यापासून थोडं आत, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये हे मत्स्यालय आहे. लोक तिकीट काढून येतात, शाळांच्या सहली येतात. माझं काम झाडणं, पुसणं आणि काचा बाहेरून लख्ख ठेवणं. त्याआधी दोन वर्षं मी वर्तकनगरात चार घरची धुणीभांडी करत होते. नवरा टेम्पो चालवतो. त्याच्या मागे मी गावाहून आलेले. इथे मला निळा कोट मिळाला, गळ्यात घालायला फोटोचं कार्ड मिळालं. ते कार्ड मी पहिले काही दिवस घरी गेल्यावरही काढत नसे. नवरा म्हणायचा, झोपताना तरी काढ, मी ओळखतो तुला.

माझी शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा पुढच्या गावात होती, आणि तिची वेळ आणि टँकर यायची वेळ एकच. आईनं एकटीनं रांग धरायची की दोघींनी, एवढाच प्रश्न होता. कुणी मला शाळेतून काढलं नाही. मीच रांगेत जाऊन उभी राहिले. पण तेव्हापासून एक भीती जी लागली ती लागलीच, की आपल्याला पुढचं काहीतरी माहीत नाही, जे बाकी सगळ्यांना माहीत आहे, आणि ते कधीतरी उघडं पडणार. कुलूप लावलं तरी मी दोनदा ओढून बघते. कुणी चांगलं वागलं तर जास्तच घाबरते. त्याला आपण काय देणार, असं वाटत राहतं.

माशांचं सगळं बघायचे ते काका. वय साठीच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावातले, इथलेच पिढ्यान् पिढ्यांचे. त्यांचे वडील मिठागरावर होते, ते स्वतःही लहानपणी होते. आता त्या जमिनीवर बिल्डिंगी उभ्या आहेत आणि मुलांनी त्यांना सांगितलंय की घरी बसा. पण घरी बसवत नाही म्हणून ते इथे येतात. मला ते पहिल्या दिवसापासून बाय म्हणायचे. मुलगी म्हणा, बाई म्हणा, दोन्ही त्यात येतं.

काकांचे नियम पुष्कळ होते आणि सगळे हातांबद्दल होते. केसांना तेल लावून आलीस तर आधी हात धू, साबणानं नाही, नुसत्या पाण्यानं. काचेला फक्त ओलं फडकं. तांब्याचं, पितळेचं, लोखंडाचं काही टाकीजवळ आणायचं नाही, बांगड्यासुद्धा वर सरकवायच्या. दिवे एकदम लावायचे नाहीत. आधी दाराजवळचा, मग मधला, मग एकेका टाकीचा. "झोपलेल्या मानसाच्या तोंडावर कोन ब्याटरी मारतं का?" असं ते म्हणाले, आणि मला कळलं की मासे झोपतात. तोवर मी विचारच केला नव्हता.

सकाळी सात ते नऊ मी तिथे एकटी असायची. ते दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे तास आहेत असं मला अजून वाटतं. दाराजवळचा दिवा लावला की अंधारात नुसती चमक हलायची. मधला लावला की मोठ्या टाकीतला तो माझ्याहून लांब मासा दिसायचा, खांबासारखा स्थिर. त्याला अरापायमा म्हणतात. पाटीवर अक्षर अक्षर लावून मी ते नाव पाठ केलं. तो पाण्यातला असून त्याला हवा लागते. दर थोड्या वेळानं सावकाश वर यायचा, तोंड बाहेर काढायचा आणि एक आवाज व्हायचा, दाराबाहेर म्हातारं माणूस खाकरतं तसा. पहिल्यांदा मी खरंच मागे वळून पाहिलेलं, कोण आलं म्हणून. मग रोज वाट बघायला लागले. पोछा हातात, आणि मी उभी. तो वर यायचा, एक श्वास घ्यायचा आणि खाली जायचा, आणि त्याच्या अंगावरचे लाल खवले शेपटीकडे दाट होत जायचे, जास्वंदीच्या कळीसारखे. देवळात मी एवढी गप्प कधी उभी राहिलेली नाही. देवळात मागायचं असतं काहीतरी. इथे काही मागावंसं वाटायचं नाही.

पण माझा जीव होता तो पाकटीवर.

पाकट हा चपटा मासा. परातीएवढा गोल, मागे चाबकासारखी शेपटी. खाडीत, समुद्रात असतो. काकांनी लहानपणापासून खाल्लेला. पण आमच्याकडे होती ती गोड्या पाण्यातली, कुठल्याशा लांबच्या देशातल्या नदीतली. काळं अंग आणि त्यावर पांढरे गोल ठिपके, जणू कुणी बोट पिठात बुडवून उमटवलेत. ती मादी म्हणून काका तिला पाकटी म्हणायचे. गोड्या पाण्यात पाकट, याचं त्यांनाही नवल होतं. "मी सत्तर टक्के आयुष्य खाडीत काढलं, ही बाय कुठून आली मना माहीत नाय," म्हणायचे.

ती पोहते असं म्हणवत नाही. अंगाच्या कडेनं एक लाट निघते, पुढून मागे, आणि ती त्या लाटेवर बसून जाते. वाऱ्यावर वाळत घातलेली ओढणी सुटून चालू लागली तर कशी चालेल, तशी. कधी काचेवर चढायची, आणि मग तिची खालची बाजू दिसायची, पांढरी, तिथे तोंड. सहलीतली मुलं म्हणायची की ती हसतेय. ती हसत नव्हती, तिचं तोंडच तसं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी हसायचे.

त्या पावसाळ्याच्या शेवटी काकांनी मला एकदा टाकीपाशी बोलावलं आणि तिच्या पाठीकडे बोट केलं. शेपटीच्या अलीकडे फुगीर झालेलं. थोडा वेळ बघितल्यावर आतून काहीतरी हललं, पांघरुणाखाली लेकरानं पाय मारावा तसं. पाकट अंडी घालत नाही, ते म्हणाले, पिल्लं घालते, जिवंत, अशीच्या अशी. मी तिथेच खाली बसले. मला तोवर मूल नव्हतं, आणि त्याबद्दल गावाहून फोनवर जे विचारतात ते विचारून झालेलं. पण मला वाईट वाटलं म्हणून मी बसले नव्हते. तिच्या उंचीला येऊन बघावं म्हणून बसले. एवढ्या लांबून आलेली, काचेत ठेवलेली, कुणाशी बोलता येत नाही, आणि हिच्या पोटात हे चाललंय.

आता पाण्याचं सांगायला हवं.

मी लग्न होऊन वर्तकनगरात आले तेव्हा सकाळी नळ यायचा आणि शेजारच्या वहिनी आदल्या दिवशीचा हंडा मोरीत ओतून द्यायच्या. पहिल्या दिवशी मी धावत गेले, वहिनी, सांडलं का काय. त्या हसल्या. अगं, कालचं पाणी ते, शिळं झालं, ताजं भरायचं. पाणी शिळं होतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे टँकर आठवड्यानं यायचा. आठव्या दिवशीचं पाणी आम्ही फडक्यानं गाळून पाहुण्याला द्यायचो आणि पाहुणा ते कपाळाला लावून प्यायचा. मला महिनाभर ओतवलं नाही. हात पुढे यायचा नाही. मग एक दिवस वहिनी माझ्या खोलीत आल्या, हंडा बघितला आणि म्हणाल्या, अजून कालचंच पितेस? गावंढळ ती गावंढळच. त्या काही वाईट नव्हत्या, चेष्टेनं म्हणाल्या. पण त्या दिवशी मी ओतायला शिकले. आणि खोटं कशाला सांगू, नंतर मला त्याचा अभिमान वाटायला लागला. सकाळी हंडा उपडा करताना वाटायचं, आपण आता इथल्या झालो.

मत्स्यालयाच्या मागच्या बोळात चार मोठी निळी पिंपं होती, माझ्या कमरेएवढी. झाकणं नव्हती. पाणी भरलेलं असायचं, वर धुळीचा पातळ थर. ती काका भरायचे, संध्याकाळी, मी घरी गेल्यावर, म्हणून मला कधी दिसायचं नाही. रोज एकेका टाकीतलं थोडं पाणी काढून त्या पिंपांतलं घालायचे, पाकटीची पाळी शनिवारी. मला एवढंच माहीत होतं.

तो शनिवार होता. पाकटीचे दिवस भरत आलेले. मी सात वाजता आले, बोळात झाडायला गेले, आणि पिंपात बघितलं तर धूळ, एक पान, एक मेलेला किडा. बोळातल्या नळाला जोरात पाणी येत होतं. मला वाटलं, बाळंतपणाला आलेल्या बाईला आपण हे घालणार? काकांचं वय झालंय, त्यांच्या लक्षात आलं नसेल. त्यांनी मला इतकं शिकवलं, इतकं सांभाळून घेतलं, आपण एवढं तरी करावं. मी बादलीनं उपसत उपसत चारही पिंपं आडवी केली. पाणी वाया नाही घालवलं, तेवढं मला जमलं नसतं. त्या पाण्यानं मी अख्खा बोळ धुतला, पायऱ्या धुतल्या, फाटकाजवळच्या झाडांना घातलं. मग पिंपं घासली, साबणाशिवाय, आणि नळाचं ताजं पाणी गळ्यापर्यंत भरलं. त्या आठवड्यात नळाच्या पाण्याला औषधाचा वास येत होता, पावसाळ्यात येतो तसा. मला तो स्वच्छतेचा वास वाटला.

काकांना सांगितलं नाही. त्यांना आपोआप दिसेल, मग विचारतील, मग सांगू, असं ठरवलेलं.

नऊला काका आले. त्यांनी टाकीतलं पाणी उतरवलं, मोटर लावली, पाइप टाकला आणि ते पुढच्या टाकीकडे गेले. मी समोरून काच पुसत होते. किती वेळ गेला ठाऊक नाही. पाकटी वाळूवरून उठली. लाट निघाली, पण मोडली. मग तिच्या अंगाच्या कडा वर वळायला लागल्या, तव्यावर भाकरी करपताना कड उचलते तशा. ती काचेवर चढली, घसरली, परत चढली. डोळ्यांमागची भोकं, ज्यांतून ती श्वास घेते, भराभर उघडमीट करत होती.

मला पाण्याबद्दल काही कळत नव्हतं. क्लोरीन हा शब्द मी त्या दिवसापर्यंत ऐकलेला नव्हता. पण एवढं कळलं की कालपर्यंत ती ठीक होती आणि कालपासून बदललेली गोष्ट एकच आहे, आणि ती माझ्या हातची आहे.

पुढचं लिहायला लाज वाटते. मी लगेच गेले नाही. फडकं हातात धरून तिथेच उभी राहिले. मनात सगळं स्वच्छ दिसत होतं. बोळात कुणी नव्हतं. कॅमेरा तिकडे नाही. पिंपं भरलेलीच आहेत, काल भरलेली की आज, कोण सांगणार. मासे मरतात, याआधीही मेलेत. आणि सांगितलं तर कार्ड जाणार, कोट जाणार, ते दोन तास जाणार. मी किती वेळ उभी होते? चार-पाच श्वास असतील. तिचे त्याच्या तिप्पट झाले असतील.

मग मोठ्या टाकीत तो अरापायमा वर आला आणि खाकरला. रोजच्यासारखाच. कुणी आलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी चालायला लागले.

"काका, पिंपातलं पाणी मी बदललं. शिळं होतं म्हणून. नळाचं भरलंय."

ते हातातलं टाकून धावले. आधी जाऊन मोटर बंद केली. पाइप ओढून काढला. फळीवरच्या बरणीतून खडीसाखरेसारखे खडे प्लॅस्टिकच्या मगात ओतले, पाण्यात विरघळवले, टाकीत चारी बाजूंनी फिरवून घातले. त्याला हायपो म्हणतात, नळाच्या पाण्यातलं औषध ते मारतं. हवेच्या सगळ्या नळ्या दुसऱ्या टाक्यांतून काढून तिच्या टाकीत सोडल्या. चारपैकी दोन पिंपं आत गेली होती, दोन बाकी होती. हे सगळं झाल्यावर ते स्टुलावर बसले आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या गावाला पानी नाय म्हनतात," ते म्हणाले. "आनि तू इकडं येऊन पानी फेकतीस गो?"

त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. टँकरच्या रांगेत शाळा घालवलेली बाई मी, आणि चार पिंपं आडवी केली, ती कशासाठी, तर कुणी गावंढळ म्हणू नये म्हणून.

मग त्यांनी सांगितलं. नळाचं पाणी आपल्याला चालतं, माशाला भाजतं. ते उघड्यावर एक दिवस ठेवलं, बुडबुडे सोडले, की औषध उडून जातं, मग ते माशाचं होतं. मिठागरावरही तेच. खाडीचं पाणी आत घेतलं की लगेच मीठ मागायचं नसतं. एका खाचरात बसवायचं, मग दुसऱ्या. पाण्याला बसू द्यावं लागतं. ते मला समजावत होते, पण डोळे टाकीवर होते.

मॅडम अकराला आल्या. काकांनी त्यांना सांगितलं की पिंपांना झाकण नव्हतं, पोरीला कुणी काही सांगितलं नव्हतं, चूक त्यांची. मला तेवढ्यावर गप्प राहता आलं असतं. मी म्हटलं, नाही मॅडम, मी ओतलं. मॅडमनी दोघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. म्हणाल्या, भांडू नका, ती जगते का ते बघा आधी. त्या टाकीवर पडदा टाकला, आणि दिवसभर मी तिथेच राहायचं असं ठरलं. काकांनी डबा तिथेच खाल्ला. मी नाही खाल्ला. पडद्याच्या आत मी तिचे श्वास मोजत बसले. माझे त्याच्याशी जुळायला लागले की घाबरून परत पहिल्यापासून मोजायची. पडद्याबाहेर मुलं विचारत होती, इथे काय आहे, आणि आया सांगत होत्या, काही नाही, चल.

चारच्या सुमाराला कडा खाली आल्या. ती तळाला गेली, अंग झटकलं, वाळू उडवून स्वतःवर घेतली आणि तिच्याखाली गेली. वर फक्त दोन डोळे. श्वास मंदावला. काका म्हणाले, आता घरी जा. मी गेले नाही, तेव्हा त्यांनी त्यांच्या डब्यातली उरलेली तांदळाची भाकरी माझ्या हातावर ठेवली.

बारा दिवसांनी, सकाळी, मी मधला दिवा लावला आणि तिच्या टाकीत वाळूवर ठिपके दिसले. मोठे ठिपके. तळहाताएवढ्या चार पाकट्या, दशम्यांसारख्या, काळ्या, आणि त्यांच्यावरही पांढरे ठिपके, सगळे जिथल्या तिथे. एक हलली. कडेनं लाट निघाली, पुढून मागे, न मोडता, जणू तिला कुणी वर्षभर शिकवलेलं. दुसरी आईच्या पाठीवर जाऊन बसली. मी टाकीचा दिवा लावलाच नाही. अंधारात काचेला कपाळ टेकून उभी राहिले. कपाळाचा तेलकट डाग काचेवर पडेल, हे लक्षात होतं, तरी.

पाचवी एका कोपऱ्यात होती. फिकट, गुंडाळलेली, उलगडलीच नव्हती.

काका आले, त्यांनी जाळीनं तिला काढलं आणि फाटकाजवळच्या झाडाखाली, जिथे मी ती पिंपं ओतलेली, तिथे पुरलं. मी विचारलं, माझ्यामुळे का? ते माती सारखी करत म्हणाले, "मना काय म्हाइत. पाकटीला इचार." मग हात झटकून उठले. "चार हायत. त्या बग."

मी दोन्ही करते. चार बघते आणि पाचवी विसरत नाही.

पिंपांना आता झाकणं आहेत, जाळीची. त्यांच्यावर काहीतरी लिहायला हवं असं काका म्हणाले आणि खडू माझ्या हातात दिला, तू लिव, तुझी सातवी हाय, माझी तेवढीपन नाय. मी लिहिलं, "हे पाणी शिळं नाही. ओतू नये." खाली भरल्याचा वार लिहिते. तो रोज पुसून रोज लिहायचा असतो, आणि भरायचं कामही आता माझं. घरीही मी हंडा ओतणं सोडलं. वहिनी म्हणतात, परत गावाला गेलीस का गं.

त्या महिन्यात आईला फोनवर पिल्लं दाखवली. तिनं कधी मासा जिवंत बघितलेला नाही, बाजारातला सुका बोंबील तेवढा. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, मला नुसतं तिचं कपाळ दिसत होतं. मग म्हणाली, "पाणी किती गं हे. रोज ताजं घालता व्हय?"

"नाही आई. कालचं लागतं त्यांना."

पडद्यावर एक पिल्लू काचेवर चढलं आणि त्याचं पांढरं तोंड आईच्या समोर आलं.

"आपल्यासारखंच की मग," ती म्हणाली. "जवळ धर जरा. दिसंना नीट."